एक माप खोटं

विजयकर काकांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी पोलिसांत जायच्या बेतात होते, आणि तेही त्यांच्याचविरुद्ध. पुढे ते स्वतःच पोलिसांत गेले, पण ते सगळं ओघात येईलच.

परळच्या शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि शिवाजी पार्कजवळच्या एका गल्लीत, भावाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला आले. खोकी अजून उघडायची होती, तेवढ्यात माझ्या नावाने एक पार्सल आलं. मी काहीच मागवलेलं नव्हतं. त्या दिवसांत 'तुमच्या नावाने पार्सल आलंय, त्यात भलतंच काही सापडलंय' असे फोन करून लोकांना गंडवण्याची साथच आली होती. त्यात मी मूळची संशयी. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर वर टाकली तर मी घरी येऊन सगळ्या भेंड्या पुन्हा तपासते. पार्सल दाराबाहेरच ठेवलं, लांबून झाडूच्या दांड्याने टेप फाडली. आत दोन इवलेसे प्रोपेलर आणि वायरींचं भेंडोळं.  वॉचमनला हाक मारून पोलिसांत जाणार, तोच वरच्या जिन्यातून आवाज आला, "हात लावू नका. ते माझं आहे."

वर कठड्याला धरून एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिली, घरातल्या घरात पायांत मोजे. तुमचं आहे तर माझ्या नावाने का, असं विचारलं तर म्हणाले, माझ्या नावाने मागवलं तर लोकांना कळेल ना. कोणत्या लोकांना, ते सांगितलं नाही. खाली येऊन त्यांनी पार्सल उचललं, फाटलेली टेप निरखून पाहिली. मी उघडलंय हे मीच त्यांना सांगत होते, तरी माझ्याकडे पाहत म्हणाले, "कोणीतरी उघडलेलं दिसतंय."

विजयकर म्हणजे मुंबईतलं जुनं घराणं, गिरगावातून कधीकाळी इकडे आलेलं. काकांचा सगळा जन्म फोर्टातल्या एका कंपनीत लिफ्टची ड्रॉइंग काढण्यात गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. वय ऐंशीच्या पुढे. एवढी माहितीसुद्धा मला वॉचमनकडून मिळाली. काकांना विचारली असती तर त्यांनी आधी, कशाला हवी आहे, असं विचारलं असतं.

बाहेर पडताना ते कुलूप ओढून बघायचे, दोन पायऱ्या उतरायचे, परत वर जाऊन ओढून बघायचे. रस्त्यात थोडं चाललं की मागे वळून पाहायचे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत सकाळी सगळे फिरणारे एका दिशेने चालतात, हे बरोबर उलट्या दिशेने. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यांसारखं चाललं तर पाठीमागे कोण आहे ते कळत नाही. असं चाललं की प्रत्येकाचं तोंड दिसतं." रोज समोरून येणारी माणसं त्यांना नमस्कार करायची आणि ते त्या प्रत्येकाचा चेहरा वाचत पुढे जायचे.

त्यांचा एक लाडका शब्द होता, 'असेल.' आज उकडतंय म्हटलं, असेल. दूधवाला चांगला माणूस आहे, असेल. मी कॉलेजात पहिली आले होते हे सहज बोलता बोलता सांगितलं, तर तेही असेल. त्या एका शब्दात ते तुम्हाला खोटं पाडायचे आणि पुन्हा भांडायला जागा ठेवायचे नाहीत.

मी मराठीची बाई आहे हे कळल्यावर एका संध्याकाळी ते दाराशी आले आणि एक पुस्तक लिहितोय, भाषा बघून द्याल का, म्हणाले. मी खुशीने हो म्हटलं. त्यांनी एक पान दिलं. एकच. ते तपासून दिलं की दुसरं मिळायचं, आणि तेही लगतचं नाही. कधी मधलं, कधी शेवटचं, पानांवर आकडे घातलेले नसायचे. सगळी पानं एकदम दिली तर मी पुस्तक आपल्या नावावर छापीन, अशी त्यांना धास्ती. पहिल्यांदा मला याचा राग आला. पुढे गंमत वाटायला लागली आणि शेवटी तर पुढचं पान कधी येतं याची मी वाट पाहायला लागले.

विषय होता, महायुद्धातले इंजिनवाले ग्लायडर. मला ग्लायडर म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं. तुटक पानांतून हळूहळू गोष्ट लागत गेली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी लाकूड, लोखंडी नळ्या आणि कापड वापरून मोठाले ग्लायडर बांधले. एखादं विमान त्यांना दोरीने ओढत न्यायचं, शत्रूच्या मुलखात दोरी सुटायची आणि आतले सैनिक, एखादी जीप, एखादी तोफ घेऊन ते कुठल्या तरी शेतात उतरायचे. उतरले की त्यांचं काम संपलं. बहुतेक तिथेच पडून राहायचे, पावसात कुजायचे. मग काही इंजिनिअरांच्या मनात आलं की याच ग्लायडरला दोन लहान इंजिनं लावली तर रिकामा झाल्यावर तो आपला आपण परत येईल. जर्मनांनी करून पाहिलं, अमेरिकनांनीही करून पाहिलं. पण माल भरलेला ग्लायडर त्या इंजिनांवर नीट वर चढेना, त्याला जाताना दोरी लागायचीच. शिवाय इंजिनांचं आणि पेट्रोलचं वजन वाढलं तेवढा माल कमी झाला. चाचण्या झाल्या, थोडे वापरलेही गेले, मग सरळ मालवाहू विमानच बरं असं ठरलं आणि तो सगळा खटाटोप गुंडाळला गेला.

काका हे एका वाक्यात सांगायचे, "जाताना दुसऱ्याच्या दोरीवर, येताना स्वतःच्या जोरावर."

जगात इतकी विमानं असताना हे फसलेलं विमानच का, असं मी त्यांना विचारलं. मला वाटलं होतं, उत्तर मिळणार नाही. त्यांनी हातातली पेन्सिल खिशात खोचली. मग म्हणाले, "ग्लायडर बांधणाऱ्यांनी तो टाकून द्यायलाच बांधला होता. ऐन लढाईत कोणालातरी वाटलं, हा परत यायला पाहिजे. तो माणूस मला कळतो." त्यांच्या रिकाम्या घराकडे पाहून मला एकदम भरून आलं. बोलले काहीच नाही, कारण त्यावरही ते असेल म्हणाले असते.

माझ्या पार्सलातले प्रोपेलर त्याच ग्लायडरच्या मॉडेलसाठी होते. अर्धा दिवाणखाना त्याने भरलेला. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेला पातळ कागद, पंखांवर दोन बॅटरीच्या मोटारी. कितीतरी वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच, त्यांनी स्वतः त्याचं ड्रॉइंग काढलं होतं. त्याबरहुकूम आता मॉडेल बांधलं होतं, आणि ते दोरीवर वर जाऊन स्वतःच्या मोटारींवर परत पायाशी येऊन उतरलेलं त्यांना एकदाच बघायचं होतं. हात कापायला लागले होते. मुलगी नाशिकला न्यायची घाई करत होती. नवं मॉडेल बांधणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

ड्रॉइंग मला लांबूनच दाखवलं. वर म्हणाले, जवळून बघितलंत तरी उपयोग नाही. "मी प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एक माप खोटं घालतो. बाकी सगळी खरी. कोणी चोरून नक्कल केली तर त्याचं विमान पडतंच. आपोआप चोर सापडतो."

आणि एक चोर सापडलाही होता. परब नावाचा. लालबागचा, काकांच्याच ड्रॉइंग ऑफिसातला, टेबलाला टेबल लावून दोघांनी नोकरी केलेली. दोघांनाही मॉडेलांचा नाद, सुटीच्या दिवशी दोघं मिळून उडवायचे. काकांच्या निवृत्तीच्या सुमारास परबांनी गुपचूप एक ग्लायडर बांधला. एका रविवारी तो दोरीवर चढवला आणि तो डावीकडे गर्रकन वळून जमिनीवर आपटला. तेवढ्यात तिथे पोचलेल्या काकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांना चोर म्हटलं. परब एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर वीसेक वर्षं दोघांचं बोलणं बंद. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर विजय होता, पण गोष्ट संपल्यावर त्यांनी उगाचच खिडकी लावून घेतली.

मग चाचण्या सुरू झाल्या. मॉडेलच्या नाकाखाली एक हूक असतो, त्यात दोरीच्या टोकाची कडी अडकवायची. समोरच्या माणसाने दोरी धरून वाऱ्याच्या तोंडाकडे चालू लागायचं, की ते पतंगासारखं वर जातं. पुरेसं वर गेल्यावर दोरी सैल सोडली की कडी निसटते. पुढचं काम काकांचं, रिमोटने मोटारी सुरू करून ग्लायडर फिरवून आणायचा. गच्चीवर गादी टाकून त्यांनी तो हाताने सोडून पाहिला होता, तेव्हा तो सरळ गेला होता. दोरीवर मात्र माणूस लागणार होता, आणि माणूस म्हटला की काकांची पंचाईत.

पहिल्यांदा शिवाजी पार्कात पहाटे वॉचमनने दोरी धरली. ग्लायडर जरा वर गेला, डावीकडे वळला आणि खाली आला. काका म्हणाले, वॉचमनने मुद्दाम हिसका दिला, त्याला कोणीतरी सांगून ठेवलंय. तुटलेला पंख जोडण्यात पावसाळा गेला. दुसऱ्या वेळी दोरी माझ्या हातात दिली. मी अगदी देवाची पालखी उचलल्यासारखी चालले. पुन्हा डावीकडे. काका मोडलेल्या पंखाकडे न बघता माझ्या हातांकडे बघत राहिले. मी म्हटलं, अहो काका, मी कशाला वाकडं ओढीन? ते म्हणाले, "कशाला ते तुम्हालाच ठाऊक." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या आठ दिवसांतच ते चौकीवर गेले. इमारतीतलं कोणीतरी माझ्या लष्करी विमानात रात्री येऊन बिघाड करतं, अशी त्यांनी तक्रार सांगितली. चौकीवरच्या लोकांनी त्यातले नेमके दोन शब्द ऐकले, 'लष्करी' आणि 'विमान'. त्या काळात सीमेवर तणाव होता, ड्रोनच्या बातम्यांनी सगळ्यांची झोप उडालेली. तासाभरात काकांना पुढे घालून हवालदार आणि त्याचा साहेब आमच्या जिन्यात. दार उघडल्यावर त्यांना दिसलं काय, तर वायरी, मोटारी, टेबलावर विमानाचे नकाशे आणि नाव-पत्ता सांगायला तयार नसलेला एक म्हातारा. तक्रार करणाराच संशयित ठरला.

साहेबांनी विचारलं, तुमचा संशय कोणावर. काका म्हणाले, "सगळ्यांवर."

मला वर बोलावलं गेलं. मी शिक्षिकेच्या आवाजात ग्लायडरचा सगळा इतिहास सांगितला, दोरी, इंजिनं, शेतात कुजणं, सगळं. हवालदाराला तो आवडला असावा, कारण त्याने जाताना पंखाला हळूच बोट लावून पाहिलं. साहेबांनी पार्कात काही उडवायचं नाही अशी तंबी दिली आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर काका मला म्हणाले, एवढी सगळी माहिती तुम्हाला आहे म्हणजे पानं तुम्ही जपून ठेवलीत. मी कपाळाला हात लावला.

पण त्या दिवशी इतिहास सांगताना एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली होती. मी त्यांना सरळ विचारलं, काका, तुम्ही हे मॉडेल तुमच्याच ड्रॉइंगवरून बांधलंत ना? हो, म्हणाले. त्या ड्रॉइंगमधलं खोटं माप कोणतं?

 ते ड्रॉइंगवर वाकले. बोट पंखावरून शेपटीवर, शेपटीवरून मोटारीवर फिरत राहिलं.  शेवटी खुर्चीत बसले आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "आठवत नाही." सगळ्या जगासाठी लावलेल्या सापळ्यात ते स्वतःच येऊन पडले होते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

एकेक माप बदलून बघायचं तर दर वेळी ग्लायडर पडणार, आणि आता आणखी एकदा पडला तर तो उभा राहणार नव्हता. ते माप ठाऊक असण्याची शक्यता एकाच माणसाची होती. जो त्या मापाने पडला होता त्याची.

परबांचा मोबाइल नंबर काकांना पाठ होता. वीस वर्षं लावला नव्हता, तरी पाठ. मला म्हणाले, तुमच्या फोनवरून करा, माझा नंबर त्याला कळायला नको. परबांनी सगळं ऐकून घेतलं. ते आता मुलाकडे अँटॉप हिलला राहत होते, सरकारी कॉलनीत, मागे मैदान होतं. शनिवारी चारनंतर आणा, वारा बरा असतो, एवढंच बोलले. मैदानाची परवानगीही त्यांनीच विचारून ठेवली.

टॅक्सीत ग्लायडर, पंख सुटे करून, आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवा होता. दादर ओलांडलं. काका म्हणाले, तो चुकीचं माप सांगेल. मी म्हटलं, कशाला सांगतील? "मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं असतं."  खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येत होतं. चारचौघांत चोर ठरवलेला माणूस, आणि वीस वर्षांनी त्याच्या हातात दोरी.

परब बुटके, टक्कल पडलेले, मैदानाच्या कडेला तीन खुर्च्या मांडून उभे होते. ये बस नाही, कसा आहेस नाही. त्यांनी ग्लायडर हातात घेतला, उलटा केला, नाकाखालच्या हुकावर बोट ठेवलं आणि त्यांच्या मालवणीत म्हणाले, "अजून थंयच आसा." म्हणजे, अजून तिथेच आहे.

मग त्यांनी समजावलं. हूक बरोबर मध्यावर हवा, ड्रॉइंगमध्ये तो तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे दाखवला आहे. हाताने सोडला तर काही फरक पडत नाही, म्हणून गच्चीवर कळलं नसणार. दोरीची ओढ लागली की मात्र नाक फिरतं. त्यांचा ग्लायडर पडला त्याच रात्री घरी मोजून त्यांना हे कळलं होतं.

काका म्हणाले, "कळलं होतं तर तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू कधी इचारलंस?" परब शांतपणे म्हणाले. "ड्रॉइंग तुझ्या टेबलावरून घेतलंय, ता खरां. न इचारता घेतलंय. रिटायरमेंटच्या दिवशी तुझ्या हातात तयार ग्लायडर द्यायचो होतो. चोरी म्हणशीत तर चोरी."

काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, पार्कात बघायचे तसे. मीही बघत होते. मला त्या चेहऱ्यावर काहीच सापडलं नाही, ना राग ना लबाडी, आणि काही न सापडणं हेच मला जास्त संशयाचं वाटलं. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. हात इतका कापत होता की टोक स्क्रूवर ठरेना. दोनदा लाकडावर ओरखडा उठला. मग त्यांनी तो परबांच्या पुढे धरला.

परब हूक सरकवत होते तेवढा वेळ काका मैदानापलीकडच्या टेकडीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. जो माणूस पार्सलावरची टेप तपासायचा, त्याने आपल्या शेवटच्या ग्लायडरवर दुसऱ्याचे हात चालू असताना पाठ फिरवली. मी मात्र परबांच्या हातांवरून नजर काढली नाही. कोणीतरी बघायला हवं होतं.

पंख जोडून झाले आणि परब दोरी घेऊन वाऱ्याकडे चालू लागले. मी ग्लायडर डोक्यावर धरून सोडला. तो वर चढला, आणखी वर, आणि सरळ. इमारतीच्या गच्चीच्याही वर गेला. कडी निसटली. क्षणभर तो तसाच तरंगत राहिला आणि मग मोटारींची बारीक गुणगुण ऐकू आली. काकांचे अंगठे रिमोटवर थरथरत होते, त्यामुळे ग्लायडरही किंचित डुलत होता, पण वळला, पूर्ण वळला, आणि आमच्याकडे तोंड करून उतरू लागला. काकांच्या खुर्चीपासून थोड्या अंतरावर गवतात नाक खुपसून थांबला. काहीही मोडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

परब दोरी गुंडाळत आले. काकांनी विचारलं, ओढ कशी लागत होती. सरळ, परब म्हणाले. मी कान देऊन ऐकत होते. काका 'असेल' म्हणाले नाहीत. त्यांनी दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि दोघं मिळून ती गुंडाळत बसले.

पुढच्याच महिन्यात मुलगी त्यांना न्यायला आली. नाशिकहून ते परत आले नाहीत. पुढच्या थंडीत गेले. पुस्तक पुरं झालं होतं की नाही, आणि झालं असेल तर पानांचा क्रम कोणाला लागेल, मला माहीत नाही.

पण ते निघाले त्या सकाळी परबही आले होते. सामानाने भरलेल्या गाडीत ग्लायडर मावत नव्हता. काकांनी तो स्वतः जिन्यातून खाली आणला आणि परबांच्या हातात दिला. ठेव तुझ्याकडे, म्हणाले. मग कुलूप ओढून बघायला वर गेले, खाली आले, गाडीत बसले. गाडी सुटली. परब ग्लायडर घेऊन फाटकाशी उभे, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रिमोट त्यांच्याकडे नाही. विमान दिलं होतं, ते उडवायची किल्ली काका आपल्या खिशातच घेऊन चालले होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. परबांच्याही ते लक्षात आलं असणार.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. दार उघडून काका उतरले आणि काठी टेकत परत यायला लागले. मला वाटलं, आता ग्लायडरच परत मागतात. ते परबांसमोर आले, खिशातून रिमोट काढला, त्यांच्या हातात ठेवला. "बॅटरी काढून ठेवत जा," म्हणाले, आणि फिरले.

गल्ली लांब होती आणि ते सावकाश चालत होते. मी बघत राहिले, आता वळतील, मग वळतील. गाडीत बसेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.